जनरलच्या पाठीवरची फुली

टोरंटोच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "मावशी, एटोबिकोत इतकी वर्षं अल्टरेशनचं दुकान चालवलंत. आता रिटायर झालात, तर तुमचा प्रवास लिहा ना." मी म्हटलं, "बाय, माझा प्रवास घरापासून प्लाझापर्यंत. विंटरमध्ये घसरत आणि समरमध्ये चालत. त्याच्यावर पानं काय भरायची?" मग त्या म्हणाल्या, निदान लक्षात राहिलेलं एखादं गिऱ्हाईक तरी लिहा.

तसं म्हणाल तर आहे एक. ते माझ्या दुकानात कधी आलंच नाही. पण त्याची कंबर, त्याचं पोट, आखूड मान, डावीकडे उतरलेला खांदा, हे सगळं मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. तीसेक वर्षं एका देशाच्या छाताडावर बसलेला लष्करशहा होता तो. देशाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या मैत्रिणीची माणसं अजून तिथं राहतात, आणि याची सत्ता गेली म्हणून याचे भाऊबंदही गेले असं नाही. आपण त्याला नुसतं जनरल म्हणू. तो स्वतःला तेच म्हणवून घ्यायचा, फक्त आधी सात-आठ विशेषणं लावून.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अल्टरेशन म्हणजे शिवणं नव्हे. शिवणारा नवं कापड घेतो, कापतो, मिरवतो. आम्ही दुसऱ्यानं शिवलेलं उसवतो, माणसाच्या अंगाशी जुळवतो आणि हात लागलाच नव्हता असं परत बंद करतो. आमचं काम दिसलं तर ते वाईट. मी क्लासला कधी गेले नाही. वसईला आईच्या मशीनवर घरच्यांचे कपडे उसवायचे आणि पुन्हा जोडायचे, तेवढीच माझी शाळा. इथं आल्यावर आधी एका फॅक्टरीत कोटांना अस्तरं लावली. मग एका बाजूला डोनटवाला, दुसऱ्या बाजूला डेंटिस्ट, त्यांच्यामधली चिंचोळी जागा मिळाली, ती घेतली.

चांगल्या कोटाच्या शिवणीत आत जादा कापड सोडलेलं असतं. बाहेरून दिसत नाही. माणूस सुटला की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायचं, कोट मोठा होतो. ज्यानं आत कापड सोडलं त्याला ठाऊक असतं की माणूस आहे तसा राहणार नाही. स्वस्तातल्या कोटात ते नसतं. तो कोट म्हणजे एका दिवसाच्या मापाचा.

आणि दुसरं म्हणजे, माणसं मापाबद्दल खोटं बोलतात. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला दर वर्षी ऑफिसच्या पॅन्टी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "काकू, ड्रायरमध्ये आटल्यात." मी म्हणायचे, "हो रे बाबा, इथले ड्रायर फार वाईट." ड्रायर फक्त कमरेतच कसा आटवतो, असं मी त्याला एकदाही विचारलं नाही. माप दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. आमचा पास्कल एअरपोर्टवर बॅगा चढवायचा, संध्याकाळी घरी येऊन विचारायचा, "आज कोण फुगलं?" मी म्हणायचे, "तू."

दुकानात माझ्याबरोबर मरियम होती. त्या देशाची. उंच, काळी, शांत बाई, माझ्यापेक्षा बरीच लहान. इस्त्री तिच्याकडे. लोकांना वाटतं इस्त्री म्हणजे सुरकुत्या काढणं. आमच्या धंद्यात इस्त्री म्हणजे अर्धं काम आहे. वाफेनं कापड आवळायचं, सैल करायचं, उसवलेल्या जागेवरची जुनी भोकं मिटवायची. मरियमच्या हाताखालून गेलेल्या कोटावर जुनी शिवण शोधून दाखवा.

तिचा धाकटा भाऊ इद्रिस तिकडे जेलमध्ये होता. शाळेत चित्रकला शिकवायचा. जनरलच्या वाढदिवसाला सगळ्या देशातल्या पोरांनी जनरलचं चित्र काढायचं असा हुकूम. एका पोरानं काढलं ते पोटासकट काढलं. पोरानं बघितलं तसं काढलं, दुसरं काय करणार? इद्रिसनं त्याला वर्गात पहिला नंबर दिला. चित्र तालुक्याला गेलं, तिथून जिल्ह्याला गेलं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं. पोराला सोडलं, मास्तरला उचललं. नदीकाठच्या जेलमध्ये टाकलं. खटला नाही, शिक्षा किती ते सांगितलं नाही.

मरियमनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "पोट काढलं म्हणून?"

ती म्हणाली, "आँटी, त्याचा शिंपीसुद्धा आत आहे. तो म्हणाला होता, या वेळी कंबर थोडी सोडावी लागेल."

एक दिवस कॉन्सलसाहेब दुकानात आले. कॉन्सल म्हटल्यावर मोठी वकिलात, गेटवर पोलीस असं काही समजू नका. हा मानद. पोटापाण्याला टाइल्सचं दुकान, आणि गाडीवर झेंडा लावायची हौस. स्वतःची पॅन्ट आखूड करायला आला होता. आत मरियम फोनवर घरच्या भाषेत बोलत होती, ते याच्या कानावर पडलं. नाव विचारलं, गाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं. मरियमचा चेहरा असा झाला की मी टेप गळ्यात घालून मध्ये जाऊन उभी राहिले.

पुढच्या महिन्यात तो चाकांची मोठी सुटकेस घेऊन आला. दार लावून घेतलं आणि काउंटरवर जनरलचे युनिफॉर्म मांडले.

"मॅडम, हे काम गुप्त आहे," तो म्हणाला. "आणि ही बाई कुणाला सांगणार नाही." मरियमकडे बघून हसला. "तिची वहिनी रविवारी जेलमध्ये डबा घेऊन जाते ना? तो डबा आत जात राहावा असं तिलाही वाटत असेल."

तेव्हा मला उमगलं, एवढ्या मोठ्या जगात त्यांना एटोबिकोचं दुकानच का सापडलं. तिकडच्या शिंप्यांवर जनरलचा विश्वास नव्हता, टाचण्या घेऊन कुणी जवळ आलेलं चालायचं नाही. इथं मात्र अशी बाई होती, जिचा गळा त्यांच्या मुठीत होता. मी कॉन्सलला दार दाखवणार होते. मरियम म्हणाली, "घे, आँटी. काम घे." तिच्या आवाजात विनंती नव्हती. मी घेतलं.

काय ते युनिफॉर्म. अंगरखा हिरवा, त्यावर सोन्याची जर, जरीवर जर, खांद्यावर झालर. आमच्याकडे लग्नात बँडवाले घालतात तसा, फक्त बँडवाल्याला निदान वाजवता येतं. छातीवर बिल्ले इतके की त्यांच्या वजनानं कापड खाली ओढलेलं. मी आतून दुहेरी कॅनव्हास लावला तरी डावी बाजू लोंबायचीच. मरियम इस्त्री करताना मला एकेक बिल्ला समजावून सांगायची.

"हा पुराचा. पूर आला तेव्हा वरून हेलिकॉप्टरनं बघून गेला."

"आणि हा?"

"फुटबॉलचा. आमची टीम हरली होती. कोच आत आहे."

"आणि हा पुस्तकाचं चित्र असलेला?"

"साक्षरतेचा," ती म्हणाली आणि इस्त्री जरा जोरात दाबली.

वर कसा चढला, तेही तिनंच सांगितलं. लष्करात हा ट्रकच्या खात्यात होता. डिझेल आणि टायर यांचा हिशेब ठेवणारा कॅप्टन. बंड दुसऱ्यांनीच केलं. त्या रात्री याच्याकडे ट्रक होते, म्हणून याला बरोबर घेतलं. बंडवाले आपसात भांडत बसले आणि हा रेडिओ स्टेशनवर जाऊन बोलला. साधा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. म्हणाला, मी थोड्या दिवसांसाठी आलोय, निवडणूक झाली की माझ्या ट्रकांकडे परत जाईन. मरियम तेव्हा लहान होती. तिचे वडील रेडिओला कान लावून म्हणाले होते, गरीब माणूस दिसतोय, बरा असेल. पुढे हा स्वतःच स्वतःला बढत्या देत गेला. मेजर झाला, कर्नल झाला, जनरल झाला, मग जनरलच्या वर काही नव्हतं तर तेही तयार केलं. ज्यांनी खरं बंड केलं त्यांचे फोटो हळूहळू भिंतींवरून उतरले आणि ती माणसंही.

आता मापाचं सांगते. जनरलच्या अंगाला टेप लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मग माप कसं मिळणार? त्यांनी युक्ती काढली. लष्करातून त्याच्याच उंचीचा, त्याच्याच बांध्याचा एक सार्जंट शोधला. त्याचं काम एकच, जनरलच्या मापाचं राहणं. जनरल जे खाईल तेच खायचं, जेवढं खाईल तेवढंच. जनरल सुटला की यानं सुटायचं. कपडे याच्या अंगावर बसवायचे. वर्षातून एकदा कॉन्सल त्याला ट्रायलसाठी टोरंटोला आणायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा घाबरून दारातच उभा. गोल गरगरीत, पण चेहरा बारीक माणसाचा. स्टुलावर उभा केला. मी चहा आणि घरचा केक पुढे केला. त्यानं कॉन्सलकडे बघितलं. कॉन्सल म्हणाला, "नको. डॉक्टरांनी जनरलची साखर बंद केलीय." मी केक परत नेला. माझ्या जन्मात मी पाहुण्यापुढचा केक परत नेला नव्हता.

जनरल काही साखर सोडत नव्हता. दर खेपेला कंबर वाढलेली. मी सोडत गेले, सोडत गेले, आणि एका वर्षी आतलं कापड संपलं. कॉन्सलला म्हटलं, "आता सोडायला काही नाही. नवा शिवा."

तो पांढरा पडला. "नवा मागवायचा तर जुना होत नाही असं लिहावं लागेल. असं कोण लिहिणार?"

शेवटी मी दोन्ही काखांखालून कमरेपर्यंत त्याच हिरव्या कापडाची पट्टी घातली. हात खाली असेपर्यंत दिसायची नाही. मी कॉन्सलला बजावलं, "हात फार वर करू नका म्हणावं." ते त्यानं कुणाला सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. पण पुढच्या परेडचा व्हिडिओ मरियमनं मला फोनवर दाखवला. जनरल सॅल्यूट करतोय तो जेमतेम हनुवटीपर्यंत हात नेऊन, कोपर बरगडीला चिकटवून. आणि मागे उभे असलेले सगळे मंत्री, सगळे सेनापती, तसाच सॅल्यूट करतायत. आख्ख्या लष्करानं हात खाली आणला, माझ्या दोन पट्ट्यांपायी. मरियम हसली नाही. ती म्हणाली, "बघ आँटी, यांना आम्ही इतकी वर्षं घाबरलो."

असं चाललं होतं. आपल्याला सवय होते बघा, ही फार वाईट गोष्ट आहे. डबा रविवारी आत जात होता, सुटकेस येत होती, आम्ही चहा पीत होतो.

मग कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या समरमध्ये, प्लाझाभर लाल-पांढरे झेंडे लागले होते तेव्हा, तिकडे ब्रेडचे भाव वाढले आणि लोक रस्त्यावर आले. आधी विद्यार्थी, मग बाजारातल्या बायका. जनरल टीव्हीवर आला आणि म्हणाला, मला हटवणारा अजून जन्माला यायचाय. त्याच महिन्यात कॉन्सलनं सुटकेस आणली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कंबर जरा घ्यायचीय." आधी थोडी घेतली. पुढच्या खेपेला आणखी घेतली. टीव्हीवर तो गर्जना करत होता आणि माझ्या मशीनवर आटत होता. मी आणि मरियम एकमेकींकडे बघायचो. माप दुकानाबाहेर जायचं नाही म्हणून गप्प.

पानगळ सुरू झाली तेव्हा कॉन्सल परत आला. बरोबर सार्जंट. ओळखूच आला नाही. गालफडं बसलेली, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा. जनरलला झोप लागत नव्हती, अन्न जात नव्हतं, म्हणून यालाही मिळत नव्हतं. कॉन्सलनं काउंटरवर एक मॉलमधून आणलेला सूट ठेवला. काळपट निळा, साधा. शर्ट, टाय. बिल्ले नाहीत, झालर नाही, काही नाही.

"उद्यापर्यंत हवा," तो म्हणाला. "अर्जंट." आणि फोन वाजला म्हणून बाहेर पार्किंगमध्ये गेला.

ज्या माणसानं इतक्या वर्षांत कधी बिनबिल्ल्याचा फोटो काढू दिला नाही, तो साधा सूट कशाला बसवून घेतो? मला कळलं आणि मरियमलाही कळलं. तो पळणार होता.

मी तिला बाजूला घेतलं.  "मी नाही करणार," म्हटलं. "पळू दे त्याला त्याच्या झालरींमध्ये. रस्त्यात सापडू दे लोकांना."

"शिव," मरियम म्हणाली.

"अगं, त्यानं तुझ्या भावाला—"

"आँटी, तो जाईल तेव्हाच दार उघडेल. कपड्यांवाचून अडून बसला तर जाता जाता काय करेल सांगता येतं? पळणारे आधी जेल रिकामे करतात, आणि सोडून रिकामे करत नाहीत. तू नीट शिव. चांगला बसू दे. म्हणजे लवकर जाईल."

 मी टाचण्या घेतल्या आणि सार्जंटच्या पायाशी बसले. पॅन्टची लांबी धरत होते, दातांत टाचण्या, तोच पाठीमागून मरियम त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, हळू, लांब. माझ्या हातात त्याचा पाय होता. तो पाय कडक झाला, मग ढिला पडला. मी मान वर केली नाही. मग त्यानं काहीतरी विचारलं. मरियम आत गेली आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली. त्यानं आधी दाराकडे बघितलं, काचेपलीकडे कॉन्सल पाठ करून फोनवर बोलत होता. मग त्यानं आख्खा पुडा खाल्ला. उभ्या उभ्या, तुकडा सांडू न देता.

दुसऱ्या दिवशी सूट न्यायला तो आणि कॉन्सल आले. नव्या कोटाच्या पाठीला खाली एक चीर असते. ती फाकू नये, चुरगळू नये म्हणून कंपनीनं तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याची फुली घातलेली असते. घालण्याआधी ती कापायची असते. आपली कितीतरी शिकलेली पोरं इंटरव्ह्यूला त्या फुलीसकट जातात. मी प्लाझाच्या पार्किंगमध्ये धावत जाऊन पोरांच्या फुल्या कापल्यायत. पण हा सूट घडी घालून सुटकेसमध्ये जायचा होता, म्हणून मी ती तशीच ठेवली, आणि सार्जंटला कात्री दाखवून, बोट ठेवून सांगितलं, "घालताना ही कापायची. विसरू नका." त्यानं नीट बघितलं. मान हलवली. कॉन्सल तेव्हाही फोनवरच होता.

ते गेल्यावर मी मरियमला विचारलं, "काय बोललीस त्याच्याशी?"

"विचारलं, विमानात तुला जागा आहे का? तो म्हणाला, माहीत नाही. मी म्हटलं, सूट बसवायला तू लागलास. विमानात बसायला त्याला तू कशाला लागशील? मग म्हटलं, माझा भाऊ नदीकाठच्या जेलमध्ये आहे. तिथले पहारेकरी तुझ्यासारखेच, त्यांनाही विमानात जागा नाही. उद्या लोक आले की समोर तेच सापडतील. त्यांना एवढंच सांग की जनरलनं साधे कपडे करून घेतलेत."

"आणि तो काय म्हणाला?"

"बिस्किटं आहेत का, म्हणाला."

मी खुर्चीत बसले. तो जाऊन कॉन्सलला सांगेल की पहारेकऱ्यांना? पुडाभर बिस्किटांवर एका माणसाचा जीव ठेवला होता आम्ही. घरी पास्कलनं विचारलं, "आज कोण फुगलं?" मी तशीच टेबलाशी बसले. त्यानं ताट वाढून पुढे ठेवलं.

रविवारी मरियमच्या वहिनीचा फोन आला. डबा परत आला होता. गेटवर कुणी घेतला नाही, जा म्हणाले. एवढ्या वर्षांत डबा कधी परत आला नव्हता. मरियमनं फोन ठेवला आणि इस्त्रीकडे गेली. एकच पॅन्ट पुन्हा पुन्हा दाबत राहिली, चमक येईपर्यंत. कापड खराब झालं. मी तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली. मी माझी रोझरी काढली, तिनं तिची जपमाळ काढली, दोघी दोन बाजूंना तोंड करून बसलो. गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि आपणच परत गेलं.

सोमवारी दुपारी शेजारचा डोनटवाला काचेवर टकटक करून म्हणाला, तुमच्या मैत्रिणीच्या देशाची बातमी लागलीय. आम्ही धावलो. त्याच्या टीव्हीवर रनवे, विमान, शिडी. भोवती तुरळक माणसं. आणि शिडीवर कॅमेऱ्याकडे पाठ करून चढणारा तो. काळपट निळा सूट. खांदा बरोबर बसला होता, मी डावीकडे पॅड घातलं होतं. पॅन्टची लांबीही बरोबर. आणि कोटाच्या पाठीवर, खाली, चिरेवर, पांढऱ्या दोऱ्याची फुली.

पायरी पायरी चढत गेला, फुली हलत गेली. दरवाज्यात वळून त्यानं सॅल्यूट केला. सवयीनं, कोपर बरगडीला चिकटवून. या कोटाच्या काखेत पट्टीबिट्टी काही नव्हती, खुशाल वर करायचा होता हात.

"आँटी," मरियम म्हणाली, "फुली."

डोनटवाल्यानं विचारलं, "ते पांढरं काय आहे?" मी म्हटलं, "ते? ते कपडे नवीन असल्याची खूण आहे."

सगळ्या जगानं बघितलं. विमानाच्या शिडीपर्यंत त्याच्याबरोबर सेनापती होते, बायको होती, डॉक्टर होता. त्यातला एक जण पुढे होऊन म्हणाला नाही की साहेब, थांबा, पाठीला दोरा राहिलाय. साहेबांच्या अंगात काही खोट आहे हे कसं म्हणायचं याची सवयच उरली नव्हती कुणाला. आणि सार्जंट मुद्दाम गप्प राहिला की विसरला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं मत विचाराल तर, इतकी वर्षं दुसऱ्याचं पोट स्वतःच्या अंगावर वागवलेला माणूस असं काही विसरत नाही. त्याला विमानात घेतलंच नाही. रनवेवरून तो चालत घरी गेला म्हणे.

इद्रिसची बातमी यायला मात्र वेळ लागला. रात्रभर फोन लागेना. सकाळी दुकान उघडलं तेव्हा मरियम कोट न काढता फोनसमोर बसली होती. वाजला. ती ऐकत राहिली, आणि मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पलीकडे एक पुरुष खोकत होता आणि बोलत होता.

रविवारी डबा परत आला, तो पहारेकरी पळायच्या तयारीत होते म्हणून. निरोप पोचला होता. सोमवारी सकाळी त्यांनी गणवेश काढून भिंतीवर टाकले आणि गेट उघडं ठेवून निघून गेले. आतल्यांना कितीतरी वेळ पटेना की बाहेर जाता येतं. इद्रिस चालत घरी पोचला, वाटेत दोनदा बसावं लागलं त्याला. शिंपी मात्र त्या गेटमधून बाहेर आला नाही. तो आधीच्या पावसाळ्यात आत वारला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण फुलीची गोष्ट सांगितली की लोक हसतात आणि उठून जातात.

जनरल आता कुठल्याशा समुद्राकाठी बंगल्यात राहतो. त्याला काही झालं नाही. पुन्हा सुटला असेल. कॉन्सलनं गाडीवरचा झेंडा काढला आणि एकदा दुकानात येऊन मला म्हणाला, "मॅडम, मी मनातून कधीच त्यांचा नव्हतो." मी म्हटलं, "तुमची पॅन्ट तयार आहे." दोन हिरवे अंगरखे माझ्याकडेच राहिले होते. पास्कल म्हणाला, कापड उत्तम आहे, त्या मास्तराला यातनंच काहीतरी करून दे. मरियम म्हणाली, "अंकल, या कापडाचा मी पोछासुद्धा करणार नाही." कचऱ्याच्या दिवशी ते गेले.

पुढच्या वसंतात इद्रिसला शाळेत परत घेतलं. मरियम म्हणाली, त्याला कोट पाठवू या. मी आयुष्यभर लोकांचं उसवलं, नवा कोट क्वचित शिवला. पण हा शिवायचा ठरवला. करडं लोकरी कापड आणलं. वहिनीनं फोनवर माप सांगितलं. छातीचं माप ऐकून मी म्हटलं, टेप उलटी धरली असेल, पुन्हा घे म्हणावं. तिनं पुन्हा घेतलं. तेवढंच आलं. वाढत्या पोराचं असतं तेवढं.

मी मापानंच कापला. आता घालायचाय तर आता अंगाला बसला पाहिजे, मास्तर वर्गात बुजगावण्यासारखा नको. पण आत कापड सोडलं. पाठीला सोडलं, बाजूंना सोडलं, बाह्यांत सोडलं, इतकं की शिवण जाड होऊन बसेना. मरियमनं वाफ दिली, हातानं दाबली, पुन्हा वाफ दिली, आणि बसवली. घडी घालण्याआधी मी पाठीच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली घातली. तिनं कोट उचलला, उलटा केला, कात्रीनं ती फुली कापली आणि दोरा चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

"चुरगळेल ना वाटेत," मी म्हटलं.

"चुरगळू दे. घरी इस्त्री आहे."

मग मी तिला म्हटलं, वहिनीला सांग, आत कापड भरपूर आहे. त्याला खाऊ घाल. कोट घट्ट झाला की इतक्या लांब पाठवू नका. तिथल्याच एखाद्या शिंप्याकडे ने, आणि त्याला म्हणावं, खुशाल टेप लाव आणि माप मोठ्यानं सांग.